धान्याचा वाटा २२ वरून ५ टक्क्यांवर. मग घरचा पैसा जातो कुठे?

मुक्ता_पु (धागाकर्ती)

पगारवाढ, महागाई, हॉटेलांतली गर्दी यावर इथे धागे खंडीभर आहेत. पण घरखर्चाचे प्रत्यक्ष आकडे समोर ठेवून चर्चा झालेली मला तरी दिसली नाही. म्हणून हा प्रपंच.

सांख्यिकी मंत्रालयाने २०२३-२४ ची घरगुती उपभोग खर्च पाहणी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळात २,६१,९५३ घरांत जाऊन केलेली. तीत दरमहा दरडोई खर्च खेड्यात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. त्याआधीच्या, म्हणजे २०२२-२३ च्या पाहणीत हेच आकडे ३,७७३ आणि ६,४५९ होते.

मला यात सगळ्यात बोलका वाटला तो तृणधान्यांचा वाटा. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी हे सगळं धरून १९९९-२००० मध्ये खेड्यातलं घर शंभरातले २२ रुपये खर्च करत होतं. २०११-१२ मध्ये ते पावणेअकरावर आले. आता ५ सुद्धा पूर्ण नाहीत, ४.९९. शहरात ३.७६. आणि पेयं, तयार खाणं, पाकीटबंद पदार्थ हा गट खेड्यात ९.८४ टक्के, शहरात ११.०९. म्हणजे खेड्यातसुद्धा धान्यावर माणशी महिना साधारण २०६ रुपये जातात आणि फरसाण, बिस्किटं, बाहेरचा चहा-वडा यांवर ४०६.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडून ठेवलं होतं की मिळकत वाढते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. त्या हिशेबाने आपण सुधारलो. खेड्यात अन्नाचा एकूण वाटा २०११-१२ मधल्या ५२.९ टक्क्यांवरून ४७ वर आलाय, शहरात ४२.६ वरून ३९.७ वर.

पण मला हे चित्र एवढं सरळ वाटत नाही. अन्नावरचा पैसा सुटला तो हौसेकडे गेला की पेट्रोल, औषधं, फी, घरभाडं यांनी ओढून नेला? माझं मत दुसरीकडे झुकतं. खेड्यात प्रवास-वाहनावर साडेसात टक्के जातात, धान्याच्या दीडपट. एसटीची फेरी बंद झाली म्हणून घेतलेली दुचाकी आणि तिचं पेट्रोल याला समृद्धी म्हणायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

शंकेखोर

चांगला धागा. पण गणित करून पाहिलं. शहरात ६,९९६ गुणिले चार म्हणजे २८ हजारांच्या आत. पुण्यात चार माणसांचं घर २८ हजारात चालवणारं कुटुंब कुणाला माहीत असेल तर पत्ता द्या, शिकवणी लावतो. आमच्या सोसायटीत एवढा हप्ताच असतो.

खडूस_खवय्या

पहिला नंबर हुकला. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (हे पॉपकॉर्न पाकीटबंद पदार्थांत धरावं.)

जुना_गणक

शंकेखोर, अशा पाहण्यांच्या क्षेत्रकामात माझी नोकरी गेली, त्यामुळे दोन शब्द.

पहिलं म्हणजे गृहकर्जाचा हप्ता या खर्चात धरतच नाहीत. घर, जमीन घेणं हा उपभोग नव्हे. प्राप्तिकर नाही, बचत नाही. दुसरं, "शहर" म्हणजे कोथरूड नव्हे. त्यात मालेगाव, परभणी, बेतिया, गोंडा सगळं येतं. आणि सरासरी ही सरासरीच. २०२३-२४ मध्ये शहरातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्के लोकांचा दरडोई खर्च २,३७६ रुपये आहे आणि वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१०. तुमची सोसायटी कुठल्या टोकाला बसते ते तुम्हीच बघा.

तरीही एक मान्य करतो. गेटवर सुरक्षारक्षक असलेल्या सोसायट्यांत आम्हाला कुणी दारात उभं करत नसे. झोपडपट्टीत मात्र पाणी विचारून, पाट देऊन बसवून सगळं सांगतात. वरच्या थरातला खर्च कमी नोंदला जातो ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

मुक्ता_पु

काका, बरं झालं आलात. २०११-१२ शी तुलना करता येते का, यावर बराच वाद वाचला. जरा इस्कटून सांगाल?

जुना_गणक

सांगतो. पूर्वी एकाच भेटीत सगळी प्रश्नावली भरून घ्यायचो. वही जाडजूड, शेवटच्या पानांवर पोचेपर्यंत घरची बाई वैतागलेली, चूल विझलेली. "लिहा तुमच्या मनानं" असं ऐकलेलं आहे. नव्या पाहणीत तीन भाग केले. खाद्यपदार्थ एका भेटीत, रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवा दुसऱ्या, टिकाऊ वस्तू तिसऱ्या. दर महिन्याला एक भेट. वस्तूंची यादीही ३४७ वरून ४०५ वर गेली, आणि कागदाऐवजी टॅबलेट आला. आठवणीचा काळ वस्तूप्रमाणे वेगळा असतो: भाजी, तेल, मांस-मासे, तयार खाणं यांचे मागचे ७ दिवस विचारतात, धान्य-डाळींचे ३० दिवस, कपडे, फी, इस्पितळ, फ्रिज यांचं अख्खं वर्ष.

तीन भेटींत माणूस जास्त आठवतो. त्यामुळे २०११-१२ नंतरच्या वाढीतली थोडी तरी पद्धतीची आहे. किती, हे सांगणं अवघड. मध्ये २०१७-१८ ची पाहणी झाली होती. तिचे आकडे २०१९ च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात फुटले, खर्च घटल्याचं दाखवत होते, आणि सरकारने दर्जाचं कारण देऊन ती पाहणीच रद्द केली. ती असती तर मधला दुवा मिळाला असता. आम्हा लोकांना ते फार लागलं. पावसापाण्यात पोरं हिंडली होती.

२०२२-२३ आणि २०२३-२४ ची एकमेकांशी तुलना मात्र बिनघोर करा. पद्धत तीच आहे.

नेवाशाचा_वाणी

तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे. आकडे तुमचे, अनुभव माझा.

धान्य आमच्याकडं विकत घेतंय कोण? शेतकऱ्याच्या घरी बाजरी-गहू घरचा, बाकीच्यांना रेशन. माझ्याकडं गव्हाचं पोतं फुटायला वेळ लागतो, पण पाच आणि दहा रुपयांचे पुडे सकाळी टांगले की संध्याकाळी दोरी रिकामी. शांपूची बाटली मागणारं गिऱ्हाईक अजून हातावर मोजण्याइतकं. पुडीच पाहिजे. सुट्या तेलाचा डबा गेला, पिशवी आली. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात आई दहाची नोट देते कारण तिला सहा वाजता खुरपायला जायचं असतं, डबा करायला वेळ नाही. शहरातल्या ताई त्याला जंक फूड म्हणतात.

गंमत सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला, साबण, टूथपेस्ट, बिस्किटं सगळी ५ टक्क्यांवर. चांगलं झालं. पण पाचच्या पुड्यावर साडेचारच्या आसपास किंमत छापून आली. आता चिल्लर कुठून आणू? गिऱ्हाईक म्हणतं पन्नास पैसे द्या, मी म्हणतो चॉकलेट घ्या. नंतर कंपन्यांनी किंमत पाचच ठेवून वजन वाढवायला घेतलं तेव्हा सुटलो.

अनघा_ठाणे

वाणीदादा, डब्याबद्दल बोललात ते पटलं. मुक्ता, त्या "पेयं आणि तयार खाणं" गटात खानावळीचा डबा, मेसचं जेवण, नाक्यावरचा वडापाव आणि ॲपवरून मागवलेली बिर्याणी सगळं एकत्र असतं ना? मग त्याला चैन म्हणणं बरोबर नाही. ठाण्याहून सातची लोकल पकडणाऱ्या बाईने रात्री भाजीपोळी केंद्रातून पोळ्या आणल्या तर तो तिच्या नोकरीचा खर्च आहे. तिच्या पोळ्यांची कणीकही मग घरच्या धान्याच्या खात्यातून निघून या खात्यात जाते!

मुक्ता_पु

हो, शिजवलेलं विकतचं अन्न त्याच गटात आहे. मी चैन म्हटलेलं नाही बरं का. उलट तुझा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

शंकेखोर

एक सोपं स्पष्टीकरण सगळे विसरताय. रेशन फुकट आहे. जानेवारी २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य मोफत, ८० कोटींवर लोकांना. फुकट मिळतं त्यावर खर्च शून्यच दिसणार. यात एंगेलसाहेबांचं काय कौतुक?

जुना_गणक

अर्धं बरोबर. पाहणीत फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून वेगळा आकडाही दिला आहे: खेड्यात ४,२४७, शहरात ७,०७८. म्हणजे खेड्यात माणशी १२५ रुपयांचा फरक. त्यात धान्याबरोबर शाळेचा गणवेश, सायकल, लॅपटॉप असल्या वस्तूही आल्या. सरकारी दवाखाना आणि सरकारी शाळा यांची किंमत मात्र धरलेली नाही, हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या मुद्द्याची दुसरी बाजू. धान्याचा वाटा २२ वरून पावणेअकरावर आला तो १९९९ ते २०१२ या काळात. अन्नसुरक्षा कायदाच २०१३ चा. तेव्हा रेशनचं धान्य स्वस्त होतं, सर्वांना फुकट नव्हतं. शिवाय लोक धान्य खातातच कमी. खेड्यात २०११-१२ ला माणशी महिना ११ किलोंच्या वर होतं ते आता साडेनऊच्या आसपास आहे. यात फुकट आणि घरचं दोन्ही मोजलेलं असतं. अंगमेहनत घटली, नांगर गेला ट्रॅक्टर आला, आणि ताटात दूध, अंडी, मांस वाढलं. आज खेड्यात दुधावर ८.४४ टक्के जातात, धान्याहून कितीतरी जास्त.

दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत बसून दारिद्र्याचा हिशेब मांडला तो २,२५० उष्मांक कोणत्या खर्चात मिळतात यावर. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना १५ रुपये. ती रेषा जवळजवळ भाकरीचीच होती. आजच्या खर्चाला ते माप लावून भागणार नाही.

साओपावलो_संजू

इकडून एक भर. ब्राझीलमध्ये बरीच वर्षं आहे. हा देश आपल्यापेक्षा श्रीमंत, पण जागतिक बँकेच्या वर्गवारीत मध्यम उत्पन्न गटातच, वरच्या पायरीवर. इथली सरकारी पाहणी २०१७-१८ ची. घरखर्चात अन्न १७.५ टक्के, वाहतूक १८.१ आणि निवारा ३६.६. अन्नापेक्षा वाहतूक पुढे गेली असं पहिल्यांदाच घडलं. सत्तरच्या दशकात इथेही अन्न ३३.९ टक्के होतं.

मुक्ताताई म्हणतात तो ओढून नेलेला पैसा इथे उघड दिसतो. साओ पावलोच्या टोकाला राहणारा माणूस दोन बस आणि एक मेट्रो करून कामावर जातो. आणि इथे सगळं हप्त्याने. बूट घ्या, विमानाचं तिकीट घ्या, काउंटरवरची मुलगी पहिला प्रश्न विचारते: किती हप्ते? दहा-बारा हप्ते बिनव्याजी, म्हणजे व्याज आधीच किमतीत घातलेलं. आपल्याकडे बिनव्याजी ईएमआयची जाहिरात बघितली की मला हे लोक आठवतात.

जाता जाता, इथे किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यात तेरा पदार्थांची टोपली ठरवली आहे. तांदूळ, राजमा, मांस, कॉफी, केळी वगैरे. ती अजूनही दर महिन्याला मोजतात आणि तिचा भाव संध्याकाळच्या बातम्यांत सांगतात.

मुक्ता_पु

संजू, फार छान. पण आकडे शेजारी ठेवताना एक खुट्टा आहे. ब्राझीलच्या निवाऱ्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडंही (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर पडलं असतं तेवढं) धरलेलं असतं. आपल्या पाहणीत ते नाही. जो खरोखर भाडं भरतो त्याचंच मोजतात, म्हणून शहरात घरभाड्याचा वाटा साडेसहा टक्केच दिसतो. स्वतःच्या घराचं भाडं आपणही धरलं तर एकूण खर्च फुगेल आणि अन्नाचा वाटा आपोआप आणखी खाली दिसेल. म्हणजे ३९.७ आणि १७.५ यांतली खरी दरी वाटते त्यापेक्षा कमी आहे.

अनघा_ठाणे

शिक्षणावर कुणी बोलेल का? शहरात ६ टक्के म्हणे! माझ्या पगाराचा पाचवा हिस्सा लेकीच्या शाळेत आणि क्लासमध्ये जातो. कुठल्या ग्रहावरचं शहर आहे हे?

जुना_गणक

अनघाताई, तो आकडा सगळ्या घरांची सरासरी आहे. ज्यांच्याकडे शाळकरी मूल नाही अशी म्हातारा-म्हातारीची घरं, नवी जोडपी, कामगारांच्या खोल्या, सगळी त्यात. फक्त फी भरणाऱ्या घरांचा हिशेब काढला तर वाटा पुष्कळ मोठा निघतो. घरभाड्याचंही तेच, इस्पितळाचंही तेच. सरासरी घरात आजारपणावर ६-७ टक्के दिसतात. ज्या घरात त्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, त्याला त्या ६-७ टक्क्यांचं काय करायचं?

खडूस_खवय्या

सगळे फी, पेट्रोलवर रडताय, पण पान-तंबाखू-दारूचा आकडा कुणी काढला नाही. मी काढला. २०२२-२३ मध्ये खेड्यात ३.७९ टक्के. शिक्षणावर ३.३०. म्हणजे पोरांच्या वह्यांपेक्षा तंबाखू-दारूला जास्त. आता बोला, हेही कुणी ओढून नेलं का?

नेवाशाचा_वाणी

खवय्या भाऊ, झेडपीच्या शाळेत फी नसते, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट. मग शिक्षणाचा आकडा छोटाच दिसणार. दोन्हीची तुलना करून खेड्यातल्या माणसाला व्यसनी ठरवू नका. बाकी पुडीचं खरं आहे. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि कुठल्याही टपरीमागे रिकाम्या पुड्यांचा खच बघा. मी ठेवत नाही, म्हणून दोन गिऱ्हाईकं तुटली.

साओपावलो_संजू

इंडोनेशियात तर सरकार दारिद्र्यरेषेच्या खर्चात कुठली वस्तू किती भर घालते ते जाहीर करतं. पहिला तांदूळ, दुसरी सिगारेट. आपण एकटे नाही.

वऱ्हाडी_ठेचा

लय वाचून राहिलो, आता लिहितो. सगळे देशाची सरासरी घेऊन बसले. आपल्या राज्याचं पाहा ना. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्राच्या खेड्यात दरडोई ४,०१०, पुढच्या वर्षी ४,१४५. म्हणजे साडेतीन टक्केही वाढ नाही, महागाई त्याहून जास्त. देशाच्या खेड्यांत नऊ टक्क्यांवर वाढ. आणि आपल्या शहरांत ६,६५७ वरून ७,३६३. देशात शहर-खेडं अंतर ७१ टक्क्यांवरून ७० झालं म्हणून सरकार पाठ थोपटून घेते. महाराष्ट्रात ते ६६ वरून ७८ वर गेलं! तमिळनाडूचं खेडं ५,७०१, तेलंगणाचं ५,४३५, केरळचं ६,६११. आपण पुरोगामी, प्रगत, औद्योगिक, आणि खेडं देशाच्या सरासरीला चिकटलेलं.

ते वर्ष आठवा. २०२३ चा ऑगस्ट कोरडा ठणठणीत गेला. ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० आणि बाजारात त्याच्याही खाली. खर्च करायचा कशातून? तुम्ही लोक पुड्यावर चर्चा करून राहिले, आमच्याकडे सोयाबीन घरात पडून होतं भाव येईल म्हणून.

शंकेखोर

ठेचाभाऊ, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. +१. त्याच वर्षी देशभर अन्नाचा वाटा किंचित वाढला, खेड्यात ४६.४ वरून ४७. कारण भाजी. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता, विसरला नसाल. मग ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आणि डिसेंबरात थेट बंदी. शहरातल्या ताटातला खर्च आवरायचा म्हणून लासलगावच्या माणसाच्या खिशाला कात्री. एकाच पाहणीत दोघांच्याही वह्या आहेत, हे बघायला हवं.

जुना_गणक

एका वर्षाच्या राज्यपातळीवरच्या फरकावर फार भार टाकू नका. देशाच्या मानाने राज्याचा नमुना लहान, थोडं वरखाली होतंच. पण दक्षिणेतल्या या राज्यांशी अंतर दोन्ही वर्षांत दिसतं, ते नमुन्याचं कारण सांगून झटकता येणार नाही.

अनघा_ठाणे

आणि या सगळ्याचा सामान्य माणसाला उपयोग काय, असं माझा नवरा आत्ताच मागून वाचून विचारतोय.

मुक्ता_पु

त्याला सांग, तुमच्या गृहकर्जाचा हप्ता यावर ठरतो. किरकोळ महागाईच्या निर्देशांकात कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं ते या पाहणीवरून काढतात. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्नपदार्थांना ४५.८६ टक्के वजन होतं, आणि ते २०११-१२ च्या खर्चावर बेतलेलं. लोकांच्या खर्चातला धान्याचा वाटा निम्म्यावर आला तरी महागाई जुन्याच ताटाने मोजत होतो. टोमॅटो उसळला की निर्देशांक उसळायचा, रिझर्व्ह बँक व्याजदर खाली आणायला कचरायची. २०२४ पायाभूत वर्षाची नवी मालिका २०२३-२४ च्या पाहणीवर बेतली आहे, तिच्यात अन्नाचं वजन बरंच कमी आहे.

ठेचादादा, तुमच्या मुद्द्यावर वाणीदादांना विचारते. त्या दुष्काळी वर्षात दुकानात काय बदललं? आधी काय सुटलं, धान्य की पुडे?

नेवाशाचा_वाणी

पुडे सुटले नाहीत ताई. पोराचं दहा रुपयांचं कुणी तोडत नाही. तेलाची लिटरची पिशवी घेणारे अर्ध्या लिटरवर आले. चहापत्ती पाव किलोवरून दहाच्या पुडीवर. तूरडाळ कमी, मसूर जास्त. अंगाचा साबण तोच, कपड्याची पावडर स्वस्तातली. किराण्याचं बिल फार कमी झालं नाही, पण रोख कमी आणि वहीत जास्त. दिवाळीला मिटणारी उधारी त्या साली संक्रांत उलटून गेली तरी उभी होती. आणि मोबाइलचं रिचार्ज मात्र एकानेही वहीत मांडायला सांगितलं नाही, ते रोखच.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे कृषी सेवा केंद्रवालाच उधारी देते, बियाणं-खताची. त्याचं व्याज तुमच्या पाहणीत येते का हो गणककाका?

जुना_गणक

नाही. शेतीचा खर्च आणि कर्जावरचं व्याज, दोन्ही उपभोग खर्चाबाहेर. त्याच्यासाठी कर्ज आणि गुंतवणुकीची पाहणी वेगळी होते. त्या कामावर गेलो की लोक दार लावून घ्यायचे.